पेंटरांच्या घराण्याचा इतिहास लिहिताना

प्रति,
संपादक महोदय,

कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात दुकानांच्या पाट्या, नाटकांचे पडदे, सिनेमाचे बॅनर, देवळांतली चित्रे आणि घरोघरच्या पूर्वजांच्या तसबिरी रंगवणारी घराणी तीन-तीन, चार-चार पिढ्या नांदली. त्यांची नातवंडे-पतवंडे आता घराण्याचा इतिहास लिहायला घेत आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मात्र स्मरणिकांत आणि पुरवण्यांत जे छापून येते त्यात ऐकीव माहितीचाच भरणा जास्त असतो. 'आजोबा दरबारी चित्रकार होते' हे वाक्य येते. कोणत्या दरबाराचे, कोणत्या साली, कोणत्या खात्यातून पगार मिळत होता, हे येत नाही. कागदपत्रे नाहीत म्हणून हे घडते असे नाही. ती चुकीच्या नावाने आणि चुकीच्या गावी शोधली जातात. म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिली अडचण आडनावाची. 'पेंटर' हे धंद्यावरून लोकांनी दिलेले नाव. शाळेच्या, नगरपालिकेच्या किंवा जमिनीच्या जुन्या दप्तरात ते सहसा सापडत नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री, वडील कृष्णराव मेस्त्री. चित्रकार आबालाल रहिमान यांचे नाव अब्दुल अझीझ. 'आबालाल' या नावाने नोंद शोधणाऱ्याच्या हाती काही लागायचे नाही. म्हणून वही उघडण्याआधी घराण्याची सगळी संभाव्य नावे एका कागदावर काढावीत: मेस्त्री, मिस्त्री, सुतार, लोहार, पांचाळ, जीनगर, चितारी आणि मूळ गावावरून पडलेले 'कर'युक्त नाव. एकाच घरातला थोरला भाऊ 'सुतार' म्हणून, धाकटा 'मेस्त्री' म्हणून आणि त्याचा मुलगा 'पेंटर' म्हणून नोंदलेला असू शकतो. सीमेपलीकडच्या कन्नड कागदांत चितारी-जीनगर कुटुंब 'चित्रगार' म्हणून येते. ही यादी नसेल तर आठवडाभर दप्तर चाळूनही 'नोंद नाही' हेच उत्तर मिळते.

'बंधू' हा शब्दही तपासून घ्यावा. आनंदराव आणि बाबूराव 'पेंटर बंधू' म्हणून प्रसिद्ध झाले, पण ते सख्खे भाऊ नव्हते. जुन्या लिखाणात चुलत, आते, मामे, मावस अशा सगळ्या भावांना सरसकट बंधू म्हटलेले असते आणि वंशावळीत ते एकाच बापाखाली जाऊन बसतात. शिष्यांचेही तसेच. फत्तेलाल मूळचे कागलचे, दामले पेणचे. दोघेही आनंदरावांच्या हाताखाली तयार झाले, पुढे बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत राहिले आणि १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' फिल्म कंपनी उभी करणाऱ्यांत होते. कलेचा वारसा त्यांच्याकडे आला, रक्ताचा नाही. पाट्या रंगवणाऱ्या साध्या घराण्यांतही पोरगेलेपणी कामाला आलेला मुलगा घरातच वाढायचा, उस्तादाचेच नाव लावायचा आणि दोन पिढ्यांनी तो काका ठरायचा. रक्ताची आणि शिष्यांची अशा दोन वंशावळी वेगवेगळ्या कागदांवर काढाव्यात. दोन्ही तितक्याच मोलाच्या आहेत. फक्त एकीत दुसरी मिसळू नये.

आता सीमेबद्दल. एखाद्या गावाची जुनी दप्तरे कुठे असतील हे त्या गावावर आज कोणाचा अंमल आहे यावरून ठरत नाही, नोंद झाली त्या दिवशी कोणाचा होता यावरून ठरते. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका कोल्हापूरकडे आला. त्यामुळे चंदगडच्या पेंटराची १९५६ पूर्वीची जिल्हा पातळीवरची कागदपत्रे शोधताना बेळगावचा विचार करावाच लागतो. रायबागचे उलटे: ते कोल्हापूर संस्थानात होते, आज बेळगाव जिल्ह्यात आहे, म्हणजे रायबागच्या घराण्याने आधी कोल्हापूरचे पुराभिलेखागार गाठावे. निपाणी आणि संकेश्वर संस्थानात नव्हतीच, ती ब्रिटिश अमलाखालच्या बेळगाव जिल्ह्यात होती. निपाणीची जुनी महसुली कागदपत्रे चिकोडी तालुक्याची, संकेश्वरची हुक्केरीची. तेव्हा निपाणीचे आजोबा 'करवीर दरबारचे नोकर' होते असे घरात सांगत असतील, तर ते कोल्हापुरात येऊन राहिल्याचा पुरावा आधी मिळायला हवा. कागल आणि इचलकरंजी या कोल्हापूरच्या जहागिरी. तिथल्या चित्रकाराचा आश्रयदाता जहागीरदार असण्याची शक्यता जास्त आणि तो पैसा छत्रपतींच्या हिशेबात दिसणार नाही. कुरुंदवाड, मिरज, सांगली, जमखंडी ही पटवर्धनांची संस्थाने, १९४८ मध्ये विलीन झालेली. त्यांचा माग वेगळा.

एवढे ठरले की शोध आजपासून मागे न्यावा, दंतकथेपासून पुढे आणू नये. सुरुवात शाळेपासून करावी. जुन्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे पूर्ण नाव, बापाचे नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण असते. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून उतारा मागावा. फक्त दाखल्यावर समाधान मानू नये, कारण दाखल्यात सगळे रकाने येत नाहीत आणि 'शेरा' तर हमखास गळतो. 'बापाच्या धंद्याला लागला' असे लिहिलेले असलेच तर ते त्या शेऱ्यातच. जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नये. शाळेत घालताना तारीख ठाऊक नसली की मास्तर १ जून टाकत. ती तारीख तशीच पुढे नोकरीला आणि मग शताब्दीच्या निमंत्रणपत्रिकेवरही पोचते.

त्यानंतर जन्म-मृत्यूची नोंद. खेड्यात गाव नमुना १४, जुन्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात, शहरात नगरपालिकेकडे. कोल्हापूरची नगरपालिका (आताची महानगरपालिका) १८५४ ची आहे. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते, कारण नोंद बारशाआधीची. 'अमक्यास मुलगा झाला' एवढेच असते. नावाने न शोधता बापाच्या नावाने आणि सालाच्या अंदाजाने शोधावे, मागची-पुढची तीन-तीन वर्षे धरून. मृत्यू घरच्या गावी सापडला नाही तर १८९६ नंतरची प्लेगची वर्षे आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा आठवावा. घरे सोडून लोक रानात, पाहुण्यांकडे, दुसऱ्या गावी गेले आणि मृत्यू तिथल्या वहीत चढला.

वारसाच्या नोंदी मात्र सर्वांत भरवशाच्या, कारण त्या भांडणातून किंवा भांडणाच्या भीतीतून झालेल्या असतात. गाव नमुना ६ चा फेरफार आणि ६-क ची वारस नोंद काढावी. शहरातल्या घरासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका. एकाच फेरफारात मयताची तारीख, मुलगे, मुली, विधवा, कधीकधी दुसरी बायकोही मिळते. मुली सापडण्याची ही एक मोठी जागा. रंग कालवणे, खळ घालणे, पडद्यावरची मोठी आकाशे भरणे ही कामे घरातल्या बायकांनीही केली आणि त्यांची नावे कोणत्याही बिलावर आली नाहीत. निदान माहेरचे नाव, गाव आणि लग्नाचे साल तरी प्रत्येकीपुढे लिहावे. जुन्या कागदात 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, मुसलमान नावांत तिथे 'वलद', आणि 'कोम' किंवा 'भ्रतार' म्हणजे अमक्याची बायको. कर्नाटकातल्या कन्नड उताऱ्यांतही 'बिन' आणि 'कोम' येतात. वडिलांसाठी 'तंदे' असते. कन्नड वाचणारा माणूस सोबत न्यावा. मोबाइलमधल्या भाषांतरावर विसंबलात तर नावेच भाषांतरित होऊन येतात.

१९५० पूर्वीचे पुष्कळ कागद मोडीत आहेत. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, आणि घाईने लिहिलेल्या अक्षरांत 'जीनगर' की 'दीनकर' असा घोळ सहज होतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांकडे गर्दी आहे. तरी महत्त्वाचा कागद एकाच वाचकाकडून वाचून घेऊ नये. दोघांनी स्वतंत्र वाचावा, फरक पडेल तिथे तिसऱ्याला दाखवावा, आणि लिप्यंतर ओळीला ओळ असे लिहावे, सारांश नको.

साल जुळवताना तर फारच चुका होतात. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवावेत. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सालात, ५९० मिळवायचे, पण फसली वर्ष मृग निघाला की, म्हणजे साधारण ५ ते ७ जूनला सुरू होते. बाबूराव पेंटरांची जन्मतारीख ३ जून १८९० मानली जाते. हा दिवस शके १८१२ मधला, पण फसली १२९९ मधला, कारण मृग अजून लागलेला नव्हता. १२९९ मध्ये डोळे झाकून ५९० मिळवले की १८८९ येते आणि माणूस एका वर्षाने थोरला होतो. राज्याभिषेक शक आणि अरबी शब्दांत लिहिलेले सुहूर सन दिसले तर जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचा मेळ देणारे पुस्तक, उघडावी, तोंडी हिशेब करू नये. घरात श्राद्धाची तिथी पक्की माहीत असते पण साल नसते. मृत्यूच्या वहीत साल मिळाले की जंत्रीवरून नेमकी तारीख निघते.

संस्थानच्या पुराभिलेखागारात नुसते नाव सांगून काही निघत नाही. दप्तर खात्याप्रमाणे लावलेले असते, व्यक्तीप्रमाणे नव्हे. चित्रकाराला पैसा कोणत्या कारणाने मिळाला असेल याचा विचार आधी करावा: राजवाड्यातील तसबिरी असतील तर खासगी खाते (राजघराण्याचा स्वतःचा खर्च), लग्नसमारंभाचा मंडप, अंबारी वा रथ असेल तर त्या समारंभाचा खर्च, शिकायला मुंबईला पाठवले असेल तर शिष्यवृत्ती आणि शिक्षण खाते. शाहू महाराजांच्या काळासाठी, म्हणजे १८९४ ते १९२२, शाहू दप्तर पाहावे. मिळालेल्या प्रत्येक कागदाचा दप्तर, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) आणि पान क्रमांक त्याच वेळी टिपावा. तो नसला की पुढच्या माणसाला सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

हेळवी आणि तीर्थोपाध्ये यांना विसरू नये. हेळवी नंदीवरून येतात, कुळाची मूळ गावे, कुलदैवत आणि पुरुषांची ओळ सांगतात. त्यांची ओळ बहुधा बरोबर असते. साले आणि मुली मात्र तिथे मिळत नाहीत. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांकडे आडनाव आणि गावाप्रमाणे वह्या असतात आणि त्यांत आलेल्या माणसाची स्वतःची सही किंवा अंगठा असतो. इथेही मूळ आडनाव आणि मूळ गावच सांगावे.

सगळ्यांत दुर्लक्षित कागद म्हणजे चित्र स्वतः. तसबीर पुन्हा मढवायला टाकण्याआधी तिच्या पाठीचा फोटो काढावा. फ्रेमवाला मागचा पुठ्ठा आणि कागद फाडून टाकतो, आणि त्यावरच कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का, जुन्या फ्रेमच्या दुकानाची चिठ्ठी, पेन्सिलीत लिहिलेले गिऱ्हाइकाचे नाव, कधी ठरलेली रक्कम असते. खोली अंधारी करून मोबाइलचा दिवा चित्राला जवळजवळ समांतर धरावा. पुसलेली पेन्सिल उमटलेली दिसते. सही भिंगाने बघावी. रंगाला पडलेल्या तड्यांबरोबर सहीलाही तडे गेले असतील तर ती त्याच काळातली. सहीचा रंग तड्यांत उतरलेला असेल, किंवा सही वार्निशच्या वर बसली असेल, तर ती नंतर कोणीतरी घातलेली. नामवंत चित्रकाराचे नाव घराण्याशी जोडण्याचा मोह इथेच होतो. तैलचित्र म्हणून जपलेली पुष्कळ चित्रे मोठ्या केलेल्या फोटोवर रंग चढवलेली असतात. कडेला रंग पातळ असतो तिथे खालचा फोटोचा कागद दिसतो, आणि फोटोच्या पुठ्ठ्यावर खाली स्टुडिओचे नाव. यात कमीपणा काही नाही, तोही पेंटरांचा मोठा धंदा होता. पण नोंद खरी करावी. चित्र साबणाने, बटाट्याने किंवा रॉकेलने पुसू नये. पुराच्या पाण्यात भिजून काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकट तसाच त्याचा फोटो काढावा आणि मग जाणकाराकडे द्यावा.

माळ्यावर गुंडाळलेले कापड असले तर ते पडदा की बॅनर हे आधी ओळखावे. नाटकाचे पडदे मांजरपाटाच्या पट्ट्या जोडून, सरसाची खळ देऊन, सरसातच खडू, पेवडी, हुरमुंजी, नीळ, काजळ असे भुकटीचे रंग कालवून रंगवत. खळीला एक भाग सरस आणि साधारण दहा भाग पाणी. सरस कमी पडला की रंग भुकटी होऊन हाताला लागतो, जास्त झाला की कापड ताठ होऊन गुंडाळताना तडकते. बॅनरचे रंग तेलाचे. कोपऱ्यात ओल्या कापसाचा बोळा हलकेच टेकवावा. रंग उतरला तर पडदा, नाही तर बॅनर. पडद्याला पाणी लागता कामा नये, एका धुण्यात तो संपतो. घड्या न घालता जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावा, वर सुती कापड, प्लॅस्टिक मुळीच नको. कोल्हापूरच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकखाली महिन्याभरात बुरशी धरते. सिनेमाचे बॅनर फार थोडे उरले, कारण चित्रपट उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा रंगवत. म्हणून बॅनर रंगवणाऱ्या घराण्याने कापड शोधण्यापेक्षा थिएटरसमोर काढलेले फोटो शोधावेत. खालच्या कोपऱ्यात 'आर्ट्स' किंवा 'पेंटर, कोल्हापूर' अशी सही असते. नाटक कंपन्यांच्या जाहिरातींत पडदे कोणी रंगवले हे अभिमानाने छापलेले असे. अशा जुन्या अंकांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात विचारावे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांची प्रमाणपत्रे घरात असतील तर त्यांवरचे केंद्र आणि साल हा त्या माणसाच्या ठावठिकाण्याचा उत्तम पुरावा आहे.

वडीलधाऱ्यांना साल विचारू नये, प्रसंग विचारावा. गांधीहत्येनंतरच्या ४८ च्या जाळपोळीआधी की नंतर, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी (११ डिसेंबर १९६७) दुकान कुठे होते, ७२ च्या दुष्काळात कोण कामाला होते. १९४८ च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओही जळाला, कित्येक घरांतली कागदपत्रे गेली. 'कागद जळाले' असे कोणी सांगितले तर ते टाळण्यासाठीच सांगितले असे समजू नये. पण जळाले ते घरातले. तहसीलातले, शाळेतले, उपाध्यांकडचे बहुधा शिल्लक असतात.

आपल्या पत्राद्वारे दोन मागण्याही मांडतो. कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराने चित्रकार, छायाचित्रकार, मूर्तिकार आणि नाटक कंपन्यांशी संबंधित रुमालांची एक सूची करून ती वाचनकक्षात ठेवावी. रुमाल क्रमांक आणि एका ओळीचा विषय एवढे पुरे. आणि चिकोडी, हुक्केरी, रायबाग, चंदगड या तालुक्यांची १९५६ च्या आसपासची कोणती दप्तरे कोणत्या बाजूला गेली, याची यादी दोन्ही राज्यांच्या महसूल खात्यांनी एकमेकांना द्यावी आणि जाहीर करावी. सीमाप्रश्न न्यायालयात आहे, तो तिथे सुटेल तेव्हा सुटेल. आजोबांचे नाव शोधायला आलेल्या माणसाला दोन्ही कचेऱ्यांनी 'ते तिकडे' म्हणून परत पाठवणे थांबवण्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही.

तयार झालेल्या इतिहासाच्या तीन प्रती कराव्यात: एक घरात, एक गावच्या वाचनालयात, एक शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात. प्रत्येक विधानापुढे ते कागदावरून घेतले, चित्रावरून घेतले की तोंडी ऐकले, हे समासात लिहावे. फोटोंच्या मागे शाईने किंवा बॉलपेनने नावे लिहू नयेत, दाब पुढच्या बाजूला उमटतो; मऊ पेन्सिल वापरावी, आणि डावीकडून उजवीकडे उभे कोण, बसलेले कोण, हे ओळखणारी माणसे आहेत तोवर लिहून घ्यावे.

आपले,
मोडी लिपी व वंशावळीचे काही अभ्यासक,
कोल्हापूर